एकाच वाईनला ८६ आणि ७१

सप्रेम नमस्कार,

आम्ही सहा मित्रमैत्रिणी महिन्यातून एका संध्याकाळी जमतो. प्रत्येकाने एक स्वस्तातली रेड वाईन आणायची, सगळ्यांनी चाखायची, १०० पैकी गुण द्यायचे आणि ते मी वहीत उतरवायचे, असा आमचा नेम. कमी पैशांत चांगली रेड कुठली, याची आपली आपण यादी करावी एवढाच हेतू. परवा वही चाळताना लक्षात आलं की एक वाईन आम्ही दोनदा चाखली आहे. कंपनी तीच, साल तेच. पहिल्यांदा सहा जणांची सरासरी ८६, पाच महिन्यांनी ७१! तेव्हापासून यादीवरचा विश्वासच उडाला. त्यात आमच्यातला एक जण एरवी फक्त महागड्या बाटल्या घेणारा. तो म्हणतो, स्वस्त वाईनमध्ये चाखण्यासारखं असतंच काय, आणि तुमच्या जिभांना तरी काय कळतं? खरंच आमच्या जिभा कच्च्या आहेत का? वही बंद करू का?

— वही सांभाळणारी

*

वही बंद करू नका. ते ८६ आणि ७१ चं पान तर जपून ठेवा, अख्ख्या वहीत सगळ्यांत कामाचं पान तेच आहे. बाकीच्या वाईन तुम्ही एकेकदाच चाखल्यात, त्यामुळे त्यांचे गुण पुन्हा तेवढेच आले असते की नाही हे तुम्हाला माहीतच नाही. या एका वाईनने ते दाखवून दिलं.

आधी जिभेचा प्रश्न निकालात काढू. कॅलिफोर्नियातले रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त प्राध्यापक स्वतःची छोटी वायनरी चालवत. त्यांचीच एखादी वाईन एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळवायची आणि दुसऱ्या स्पर्धेत रिकाम्या हाताने परत यायची. असं का होतं हे शोधायला त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर एकाच बाटलीतली वाईन, इतर वाईनमध्ये मिसळून, तीन वेळा ठेवायची व्यवस्था केली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहांतला जेमतेम एक परीक्षक तिन्ही वेळा एकाच पदकाच्या आसपास राहिला होता. ज्या वाईनला ९० दिले तिलाच थोड्या वेळाने ८६ किंवा ९४ देणं ही नेहमीची गोष्ट होती. ही सगळी वाईनवर पोट असलेली, मुरलेली माणसं होती. तेव्हा गुण हलतात म्हणून जीभ कच्ची, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

पण तुमच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे आणि मला तीच महत्त्वाची वाटते. ८६ आणि ७१ या सहा जणांच्या सरासऱ्या आहेत. एकेकट्याची जीभ डळमळली असती तर कुणी वर गेलं असतं, कुणी खाली, आणि सरासरीत ते बरंचसं बुजलं असतं. इथे अख्खी सरासरीच १५ गुणांनी घसरली. याचा अर्थ त्या संध्याकाळी बहुधा सगळ्यांसाठीच काहीतरी एकदम बदललं होतं. ते काय असू शकतं हे पाहिलं की यादी पुन्हा भरवशाची कशी करायची तेही आपोआप कळेल.

पहिला संशय तापमानावर घ्या. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या जुन्या, गार घरांमधून आलेला आहे. त्या खोल्या फार तर १६-१८ अंशांच्या असत. २७-२८ अंशांच्या खोलीत तासभर उभी राहिलेली बाटली वेगळीच वागते. एकदा हे मुद्दाम करून पाहा. एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा. एक फ्रिजमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, दुसरा बाहेर राहू द्या. मग दोन्ही शेजारी ठेवून आधी नुसता वास घ्या. बाहेरच्या ग्लासातून फळासारख्या वासाच्या आधी स्पिरिटचा झणका नाकात जातो. घोट घेतला की वाईन सैल आणि गोडसर लागते आणि मागे घशात ऊब रेंगाळते. फ्रिजमधल्या ग्लासात तेच फळ टवटवीत लागतं, आंबटपणा नेटका लागतो. मात्र तोच ग्लास आणखी अर्धा तास आत राहिला तर वास मिटून जातो आणि तुरटपणा दातांना धरतो. बाटली एकच, पण या दोन ग्लासांना कुणीही समान गुण देणार नाही. स्वस्त वाईनला हा फरक जास्तच भोवतो, कारण तिच्यात फळ आणि अल्कोहोल यांच्या पलीकडे झाकायला फारसं काही नसतं. भारदस्त रेड १५ ते १८ अंशांत आणि हलकी, पातळ रेड १२ ते १४ अंशांत चाखा. एक साधा थर्मामीटर घ्या आणि वहीत प्रत्येक वाईनपुढे तापमानाचा रकाना आखा. ती वाईन चाखलीत त्या दोन संध्याकाळपैकी एक उन्हाळ्यातली होती का, हेही आठवून पाहा.

दुसरा संशय क्रमावर. रेड वाईनला तुरटपणा देणारं टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडाचा बुळबुळीतपणा जातो. कडक काळ्या चहाचा घोट घेतल्यावर जीभ टाळ्याला ओढल्यासारखी होते, तसंच हे. हा परिणाम प्रत्येक घोटागणिक साचत जातो. त्यामुळे पहिल्या क्रमांकाला मऊ लागलेली वाईन पाचव्या क्रमांकाला खरखरीत लागते, आणि शिराझ द्राक्षाच्या एखाद्या दणकट वाईननंतर आलेली हलकी वाईन पाण्यासारखी वाटते. तुमची ती वाईन पहिल्यांदा सुरुवातीला आणि दुसऱ्यांदा शेवटी आली असेल तर अर्धं कोडं इथेच सुटलं. यावर उपाय सोपा आहे. सहा जणांनी सहा वेगवेगळ्या क्रमांनी चाखायचं. एकाने क्रमांक १ पासून सुरुवात करायची, दुसऱ्याने २ पासून, तिसऱ्याने ३ पासून. क्रमाचा अन्याय कुठल्याच एका वाईनच्या वाट्याला येत नाही. दोन वाईनमध्ये पाणी प्या आणि मिनिटभर थांबा, लाळेला पुन्हा जमायला तेवढा वेळ लागतोच.

तिसरा संशय खुद्द त्या बाटलीवर, आणि याचा विचार घरगुती चाखणीत सहसा होत नाही. नैसर्गिक बुचातून टीसीए नावाचं रसायन वाईनमध्ये उतरू शकतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, इतक्या सूक्ष्म प्रमाणातही ते जाणवतं. जास्त असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येतो आणि ते लगेच पकडता येतं. घोटाळा होतो तो कमी प्रमाणात. तेव्हा कसलाही वाईट वास येत नाही, फक्त फळाचा वास मरतो. वाईन मुकी वाटते आणि सगळे म्हणतात, ‘ठीकच आहे, काही खास नाही.’ ७१ गुण नेमके अशाच बाटलीला मिळतात. तुमच्या वाईनला खरं बूच होतं की पत्र्याचं फिरकीचं झाकण? बूच असेल तर मी निकाल राखून ठेवेन आणि तिची तिसरी बाटली आणेन. फिरकीच्या झाकणाला हा धोका फार कमी असतो. त्याचा भलता प्रश्न म्हणजे कधीकधी उघडल्याबरोबर येणारा कुजक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास. तो आला तर ग्लास जोरात फिरवा, दहा मिनिटं बाजूला ठेवा, बहुतेकदा उडून जातो. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणका मात्र जात नाही. असा काही दोष स्पष्ट सापडला तर त्या बाटलीला गुण देऊच नका, ‘सदोष’ एवढंच लिहा. एका फसलेल्या बाटलीवरून त्या वाईनचं नाव यादीतून कटू नये.

आता तुमच्या मित्राबद्दल. त्याचं मन न दुखवता, पण स्पष्ट सांगते: किंमत माहीत असली की जीभ पक्षपाती होते, त्याची आणि तुमचीही. २००८ सालच्या एका प्रयोगात मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना लोकांना वाईन दिल्या गेल्या. वाईन तीनच होत्या, पण वेगवेगळ्या किमती सांगून त्या पाच म्हणून पुढे केल्या. एकच वाईन नऊपट किंमत सांगितल्यावर जास्त आवडली. लोक तसं नुसतं म्हणाले नाहीत, मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही जास्त उजळला. रंगाचंही तसंच. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दो या वाईनच्या प्रदेशातल्या संशोधकांनी वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना बिनवासाच्या रंगाने लाल केलेली पांढरी वाईन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. आणि लेबलं झाकून घेतलेल्या सहा हजारांवर चाखण्यांचा हिशेब २००८ सालीच मांडला गेला. त्यात प्रशिक्षण नसलेल्या माणसांना महाग वाईन जास्त आवडत नाहीत, किंचित कमीच आवडतात, असं दिसलं. प्रशिक्षण घेतलेल्यांचा कल मात्र महाग वाईनकडे होता. हा शेवटचा मुद्दा तुमच्या मित्राच्या बाजूचा आहे आणि तो मी लपवणार नाही. सरावलेल्या जिभेला जादा पैशातून काहीतरी मिळतं.

काय मिळतं? मुख्यतः वेल आणि वेळ. महागड्या वाईनसाठी वेलीवर कमी घड ठेवतात आणि वाईन ओकच्या लाकडी पिंपात महिनोन् महिने राहते. बोर्दोतलं पिंप २२५ लिटरचं, त्यातून जेमतेम ३०० बाटल्या भरतात आणि दोन-चार हंगामांत त्याच्या लाकडाचा वास उतरतो. तो खर्च प्रत्येक बाटलीवर चढतो. स्वस्त वाईनमध्ये ओकचा व्हॅनिलासारखा वास हवा असेल तर टाकीतच ओकचे तुकडे किंवा फळ्या सोडतात. रंग फिका पडला तर रुबिरेडसारख्या, गरही लाल असलेल्या द्राक्षाचा दाट अर्क घालतात. आणि थोडी साखर मागे ठेवतात. चांगल्या कोरड्या रेडमध्ये लिटरला साधारण ४ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. बाजारात खपणाऱ्या कितीतरी रेडमध्ये ती १० ग्रॅमच्या पुढे असते आणि लेबलवर त्याचा उल्लेखही नसतो.

या साखरेपायी तुमच्या यादीचं सगळ्यांत जास्त नुकसान होत असणार. गोडवा आणि व्हॅनिला पहिल्या घोटाला जिंकतात. सहा ग्लास समोर असताना, एकेक घोट घेऊन गुण दिले की हमखास हीच वाईन वर येते. तोच ग्लास वीस मिनिटांनी पुन्हा घ्या. फळ ओसरलेलं असतं आणि उरतो तो काकवीसारखा चिकटपणा. उलट एखादी जराशी आंबट, सुरुवातीला रुक्ष वाटलेली वाईन तेवढ्यात खुललेली असते, तिच्यात काळी मिरी, चेरी, ओली माती असं काहीबाही यायला लागतं. म्हणून माझा आग्रह आहे, स्वस्त रेडला गुण दोनदा द्या. एकदा पहिल्या घोटाला आणि एकदा वीस-पंचवीस मिनिटांनी, ग्लास तळाला आल्यावर. यादीत दुसरा निकाल धरा. स्वस्त वाईन आपण एक घोट चाखायला आणत नाही, ग्लासभर प्यायला आणतो.

गुणांबद्दलही माझं मत ठाम आहे: १०० ची पद्धत सोडून द्या. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वाईन-समीक्षकाने रूढ केलेल्या या पद्धतीत ५० गुण वाईन हजर झाल्याबद्दलच मिळतात. पुढचे ५ रंगरूपाचे, १५ वासाचे, २० चवीचे आणि गिळल्यावर रेंगाळणाऱ्या चवीचे, आणि शेवटचे १० एकूण दर्जाचे व पुढे वर्षानुवर्षं मुरण्याच्या क्षमतेचे. जी वाईन वर्षा-दोन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केली आहे तिला मुरण्याच्या क्षमतेवर तोलून काय उपयोग? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात १९५९ साली बेतलेली २० गुणांची पद्धत तुमच्या कामाला जास्त जवळची होती, कारण तिचा रोख दोष पकडण्यावर होता. पण तुम्हाला तीही नको. आधी त्या संध्याकाळच्या वाईन आवडीप्रमाणे ओळीने लावा. ही त्या वाईनपेक्षा बरी की वाईट, हे जिभेला चटकन सांगता येतं. ८३ की ८५, हे कुणाच्याच जिभेला सांगता येत नाही. मग चार खाती करा: ‘पुन्हा आणायची’, ‘कुणी आणली तर आनंदाने प्यायची’, ‘नको’ आणि ‘सदोष’. तुम्हाला जी यादी हवी होती ती पहिल्या खात्यात आपोआप तयार होते.

आणि यादी किती खरी हे कळण्यासाठी हॉजसनची युक्ती घरी वापरा. बाटल्या कागदी पिशव्यांत घाला, गळ्याशी बांधा, क्रमांक टाका. सहा जणांच्या सहा बाटल्या असतील तर ग्लास सात भरा, एका बाटलीतून दोन. कुठल्या, ते फक्त ओतणाऱ्यालाच ठाऊक. शेवटी बघायचं, त्या जुळ्यांना कुणी एकाच खात्यात टाकलं. ज्याने एकीला ‘पुन्हा आणायची’ आणि दुसरीला ‘नको’ लिहिलं त्याचा त्या दिवसाचा निकाल धरायचा नाही, एवढंच. यात कुणाची नाचक्की नाही. सर्दी असते, दिवस वाईट गेलेला असतो, जेवण नुकतंच झालेलं असतं. ओतायचं काम या खेपेला तुमच्या त्या मित्राकडे द्या, आणि त्याला त्याची एखादी लाडकी महाग बाटली त्यात गुपचूप घालू द्या. ती वर आली तर तुम्हाला सगळ्यांना एक चांगली वाईन कळेल. मधे कुठेतरी अडकली तर बोलायला विषय मिळेल. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पर्रियर या ब्रिटिश वाईन-व्यापाऱ्याने भरवलेल्या चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता कॅलिफोर्नियाच्या १९७३ सालच्या, कॅबर्ने सोविन्यॉन द्राक्षाच्या वाईनला बोर्दोच्या नामांकित वाईनच्या वर बसवलं होतं. बाटली झाकली की असं घडू शकतं.

चाखताना बोलणं बंद. हा नियम मोडायला सगळ्यांत सोपा आहे आणि मोडला की सगळ्यांत जास्त बिघाड तोच करतो. पहिल्या मिनिटाला कुणी ‘छे!’ म्हटलं की उरलेले पाच जण त्या ग्लासात खोट शोधायला लागतात आणि ती सापडतेच. तुमच्या ७१ मागे हेही असू शकतं.

थुंकायला एक भांडं ठेवा. एका बाटलीत, १३.५ टक्क्यांची असेल तर, साधारण ८० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ५० मिलिलिटरचे सात ग्लास म्हणजे जवळपास अर्धी बाटली. एवढी पोटात गेल्यावर शेवटच्या ग्लासाबद्दल जे लिहिलं जाईल त्यावर विसंबू नका. थुंकायचा संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, पण गुण देऊन झाल्यावर आवडलेल्या वाईनचा ग्लास निवांत बसून घ्यायला कुणाची ना नाही. आणि ज्यांना गाडी चालवत परत जायचंय त्यांनी तोही घेऊ नये.

वहीत काय लिहायचं, याबद्दल थोडं. डेव्हिसच्याच अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वासांचं एक चक्र मांडलं. आतल्या वर्तुळात मोठे गट, जसं फळं, मसाले, वनस्पती, लाकूड, माती. बाहेर जाल तसे नेमके वास. त्याच क्रमाने जा. आधी फळ आहे का? ताजं की सुकलेलं? लाल की काळं? इथवर आलात तरी पुष्कळ झालं. ब्लॅककरंट कधी हुंगलंच नसेल तर ते लिहू नका, तुमच्या नाकाला जो वास ओळखीचा आहे त्याचंच नाव लिहा. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर तोच शब्द तुम्हाला ती वाईन आठवून देईल. शेजारी आंबटपणा, तुरटपणा, गोडवा कमी-मध्यम-जास्त एवढं नोंदवा आणि पुढच्या वाईनकडे वळा.

राहिलं काय आणायचं ते. एका संध्याकाळी सहा भलत्याच वाईन एकत्र आणल्या तर तुलना कशाशी करणार? एक द्राक्ष धरा आणि ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आणा. स्वस्तातल्या रेडमध्ये माझा कल नेहमी अशा वाईनकडे असतो ज्या महागड्या वाईनची नक्कल करत नाहीत. ओकचे तुकडे घालून भारदस्त बनवलेल्या कॅबर्नेपेक्षा त्याच पैशांत फ्रान्सच्या बोजोले भागातलं गामे द्राक्ष कितीतरी प्रामाणिक लागतं. तिथे अख्खे घड कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत ठेवतात, त्यामुळे टॅनिन कमी उतरतं आणि वाईन कोवळेपणीच पिण्याजोगी होते. याच गामेला १३९५ साली फ्रान्समधल्या बर्गंडीच्या ड्यूकने हलक्या दर्जाचं ठरवून आपल्या मुलखातून हाकललं होतं. चिलीचं कार्मेनेर द्राक्षही धुंडाळण्यासारखं आहे. १९९४ पर्यंत तिथे ते मर्लो हे दुसरंच द्राक्ष समजून लावलं आणि विकलं जात होतं. जां-मिशेल बूर्सिको या फ्रेंच वेलतज्ज्ञाने ते ओळखलं. त्यात ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो. तुमच्या सहांपैकी काहींना तो आवडेल, काहींना अजिबात नाही, आणि वहीत असा मतभेदही उतरू द्या, सरासरीत तो दिसत नाही.

पहिल्या महिन्यासाठी मात्र मी ग्रेनाश द्राक्ष सुचवेन. स्पेनमध्ये त्याला गार्नाचा म्हणतात, कालातायूद आणि कांपो दे बोर्खा या भागांत त्याच्या जुन्या वेली आहेत आणि वाईन अजूनही आवाक्यातल्या आहेत. फ्रान्समध्ये तेच द्राक्ष कोत द्यु रोनच्या मिश्रणात मुख्य असतं. सार्डिनिया बेटावर त्याचं नाव कॅनोनाऊ. या तिन्ही ठिकाणांच्या दोन-दोन बाटल्या आणा, सगळ्या १६ अंशांवर ठेवा, त्यातली एक जुळी करा. निकाल काय लागला ते मला जरूर कळवा.